कोर्टाच्या तारखा आणि ऑफिसची रजा: माझा अनुभव

घरगुती हिंसाचारामुळे किंवा कुणी पाठलाग करतंय म्हणून नोकरीतून हक्काची रजा मिळावी, असा कायदा आपल्याकडे नाही. आणि घर सोडलेल्या बाईला आधी लागते ती रजाच. पोलीस ठाण्यात रात्रीही जाता येतं. पण न्यायालय, संरक्षण अधिकारी (घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात मदतीला नेमलेले सरकारी अधिकारी), मोफत वकील देणारं विधी सेवा प्राधिकरण, बँक, मुलाची शाळा हे सगळं कामाच्या दिवशी आणि कामाच्या वेळेतच उघडं असतं. नेमकं त्याच वेळेत आपल्याला डेस्कवर बसायचं असतं.

मी नवी मुंबईत महाप्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. नवऱ्याचं घर सोडून मुलाला घेऊन कळव्याला आईकडे आले. पुढच्याच आठवड्यात तो ऑफिसला जाताना मी उतरते त्या घणसोली स्टेशनबाहेर, शेअर रिक्षाच्या रांगेजवळ उभा दिसायला लागला. बोलायचा नाही, नुसता बघत उभा. घर बदलता येतं, मोबाईल नंबर बदलता येतो, पण ऑफिसचा पत्ता बदलता येत नाही आणि आपण तिथे किती वाजता पोहोचतो ते त्याला पाठ असतं. पोलीस ठाण्यात आधी ‘नवरा-बायकोचं आहे, समजुतीनं घ्या’ हेच ऐकलं. पाठलाग हा गुन्हा आहे (1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 78, त्याआधी भारतीय दंड संहितेचं 354-ड) आणि त्यात नवऱ्याला सूट नाही, हे मला तिथे सांगावं लागलं. तक्रार घेतली, पण त्यात एक अख्खा दिवस गेला.

रजेचा हिशोब असा होता. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 प्रमाणे वर्षाला 8 कॅज्युअल रजा मिळतात, पण त्या तिमाहीनुसार जमा होतात. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला हातात दोनच. अर्न्ड लीव्ह 20 दिवसांच्या कामामागे एक, आणि ती आधी मंजूर करून घ्यावी लागते. त्यात आमचं खातं अकाउंट्सचं. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला जीएसटी रिटर्न भरायचे असतात, त्या दिवसांत कुणी रजेचा विषयच काढत नाही. न्यायालय तारीख देताना हे बघणार नसतं.

एचआर मॅडमना मी मेल केला नाही. केबिनचं दार लावून समोर बसून बोलले. त्या वाईट माणूस नाहीत. त्या म्हणाल्या, “अहो, असं कारण आमच्या पॉलिसीत बसत नाही. तुम्ही मेडिकल टाका ना, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणलंत की बाकी मी बघते.” सहज वाटेल असा हा सल्ला मी घेतला नाही, आणि दुसऱ्या कुणी बाईनेही घेऊ नये असं मला कळकळीने वाटतं. ताणाचं किंवा झोपेचं खोटं सर्टिफिकेट उद्या समोरच्या वकिलाच्या हाती लागलं, तर तेच ‘हिचं मानसिक संतुलन ठीक नाही, मुलाचा ताबा कसा द्यायचा’ म्हणून न्यायाधीशांपुढे येऊ शकतं. आजारी मी नव्हते. मला न्यायालयात जायचं होतं.

म्हणून साधा, एका पानाचा अर्ज दिला. नवऱ्याने काय काय केलं ते त्यात लिहायचं नाही, असं वकील ताईंनी बजावलं होतं. एवढंच लिहिलं: कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 खाली मी ठाण्याच्या न्यायालयात अर्ज करत आहे. सुनावणी आणि त्यासंबंधीच्या कामांसाठी वेळोवेळी पूर्ण किंवा अर्ध्या दिवसाची रजा लागेल. रजा शिल्लक नसेल तर बिनपगारी धरावी, पण विनापरवानगी गैरहजेरी धरू नये. पोर्टलवर कारण ‘वैयक्तिक’ एवढंच राहावं, आणि खरं कारण एचआरमधल्या एकाच व्यक्तीकडे असावं. पोर्टलवर अर्ज टाकला की आमच्याकडे मेल टीम लीडसकट चार जणांना जातो, म्हणून ते शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं होतं.

वकील ताई जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाल्या. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. पगार मिळतो म्हणून आपल्याला लागू नाही, असं समजून कितीतरी जणी तिकडे फिरकतच नाहीत. 15100 ही विधी सेवेची हेल्पलाइन आहे, आणि तातडीची मदत हवी असेल तर 112 किंवा महिलांसाठीचा 181. अर्ज कुठल्या न्यायालयात करायचा हेही त्यांनीच समजावलं. आपण तात्पुरत्या राहतो तिथे किंवा नोकरी करतो तिथेही करता येतो. ऑफिस नवी मुंबईत असल्यामुळे मला बेलापूरचं न्यायालयही चाललं असतं. ठाणे घेतलं, कारण पुकारा जेवणाच्या सुट्टीआधी झाला की कोर्ट नाक्यावरून स्टेशन, मग ट्रान्स-हार्बरची गाडी, आणि दुपारच्या सत्राला ऑफिसात. अर्धी रजा वाचते.

आता गेटची गोष्ट. एका दुपारी सिक्युरिटीने इंटरकॉमवर सांगितलं, “ताई, साहेब आलेत, तुमचा डबा राहिला म्हणतात. वर पाठवू का?” स्टीलचा डबा माझाच होता, त्या घरात राहिलेला. वॉचमनदादांना शंका यायचं काहीच कारण नव्हतं. ‘पाठवू नका’ म्हटलं आणि सरळ एचआरमध्ये गेले. मॅडमनी माझी फाईल उघडली, तर आपत्कालीन संपर्क म्हणून अजून त्याचाच नंबर. आधीच्या एका रजेच्या दिवशी ऑफिसने मला फोन लागेना म्हणून त्या नंबरवर विचारणाही केली होती. फाईल दुरुस्त व्हायला दोन मिनिटं लागली. घर सोडलेल्या प्रत्येकीने हा एक नंबर, पत्ता आणि पगाराचं खातं आधी बदलून घ्यावं.

त्या दिवशी मी मॅडमना आणखी एक गोष्ट दाखवली. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखण्याचा 2013 चा कायदा त्यांना माहीत होताच. त्यात चौकशी चालू असताना तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, पण ती तशा तक्रारीपुरती, माझ्यासाठी नाही. मात्र त्याच कायद्याच्या कलम 19 मध्ये मालकाने सुरक्षित वातावरण द्यायचं आहे, आणि कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या माणसांपासूनची सुरक्षितताही त्यात येते. गेट त्यातच आलं. त्यानंतर चक्रं हलली.

न्यायालयात वेळ लागला. 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा सांगतो की पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत. प्रत्यक्षात आधी नवऱ्याला नोटीसच लागेना. सकाळी 11 ला दालनाबाहेरच्या बोर्डवर आपला नंबर बघायचा, शिपाई नाव पुकारेपर्यंत बाकावर बसायचं, आणि ‘नोटीस बजावली गेली नाही’ ऐकून पुढची तारीख घेऊन यायचं. अशा दिवसाचीही रजा लागते आणि हाती काहीच लागत नाही, म्हणून टीम लीडसमोर फार अवघडल्यासारखं व्हायचं. तरी प्रत्येक वेळी न्यायालयाच्या कार्यालयातून हजेरीचा दाखला मागून घेतला. त्यावर फक्त मी अमुक दिवशी न्यायालयात हजर होते एवढंच असतं, आणि एचआरला तेवढं पुरतं.

अंतरिम (अंतिम निकालाआधीचा तात्पुरता) आदेश मिळाला तेव्हा त्यात माझ्या ऑफिसचा पत्ता होता. त्याच 2005 च्या कायद्याच्या कलम 18 मध्ये स्त्रीच्या नोकरीच्या ठिकाणी यायला आणि फोनवरूनही संपर्क करायला मनाई करता येते, पण अर्जात आपल्याला ते स्पष्ट मागावं लागतं. वकील ताईंनी कंपनीचं नाव, इमारत, गेट सगळं लिहून घेतलं होतं. आदेशाची प्रत मोफत मिळते. एक ऑफिसच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात दिली, एक मॅडमकडे. सिक्युरिटीला फक्त फोटो आणि ‘आत सोडू नये’ एवढी सूचना. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे त्याच्या वकिलानेही त्याला सांगितलं असणार. घणसोलीला तो परत दिसला नाही.

फिलिपिन्समध्ये 2004 च्या कायद्यापासून अशा बाईला 10 दिवसांची पगारी रजा आहे. न्यूझीलंडमध्ये 1 एप्रिल 2019 पासून 10 दिवस, ऑस्ट्रेलियात 2023 पासून 10 दिवस. ऑस्ट्रेलियात तर पगाराच्या स्लिपवर या रजेचा उल्लेख करायलाच मनाई आहे, कारण स्लिप घरात कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. नियम करणाऱ्याने त्या बाईच्या घराचा विचार केला आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. माझ्या स्लिपवर बिनपगारी दिवस दर महिन्याला दिसत होते, आणि ते पैसे मुलाच्या फीचे होते.

अंतिम सुनावणी अजून बाकी आहे. मॅडमच्या सांगण्यावरून मी पॉलिसीसाठी एक प्रस्ताव लिहून दिला: वर्षाला काही पगारी दिवस, अर्ध्या दिवसानेही घेता येतील असे. पुरावा म्हणून न्यायालयाचा दाखला, पोलीस तक्रार किंवा संरक्षण अधिकाऱ्यांचं पत्र यांपैकी कुठलंही एक चालावं. कारण एकाच व्यक्तीकडे, आणि स्लिपवर उल्लेख नाही. पुरुष कर्मचाऱ्याचाही कुणी पाठलाग करत असेल तर त्यालाही ती लागू असावी, हे मॅडमनी स्वतःहून घातलं. प्रस्ताव व्यवस्थापनाकडे गेला आहे. उत्तर आलेलं नाही, म्हणून दर सोमवारी मी विचारते आहे.