महालक्ष्मीचं तिकीट वाचलं, पण उशिरा

२०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा, नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला गरीब-वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांतून सूट. आमच्या भाचीला हवी होती ती शाळा नेमकी त्यात गेली.

भाऊ कोल्हापुरात रिक्षा चालवतो. वकीलसाहेब म्हणाले, "ताई, नियमालाच आव्हान द्यायचं तर ते इथल्या दिवाणी कोर्टाचं काम न्हाई. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट याचिका. म्हंजे मुंबई." रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, दोन दिवसांचा धंदा बुडणार, वर पुढची तारीख. भाऊ गप्प बसला. मीही फार जोर लावला नाही, खोटं कशाला बोलू?

दुसरे पालक लढले आणि १९ जुलै २०२४ ला हायकोर्टानं तो बदल रद्द केला. तोवर पोरगी नगरपालिकेच्या, चुकले, महापालिकेच्या शाळेत रुळली होती.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच, सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टात, हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ) बसतंय, सहा जिल्ह्यांसाठी. आता भाऊच सावंतवाडी-सोलापूरचे पक्षकार स्टँडवरून तिथं सोडतो.