कंदील विझला नव्हता

गेल्या महिन्यात एका वाडीवरच्या शाळेत मुलांना आगीबद्दल सांगायला गेलो होतो. शेवटी विहिरीचा विषय काढला. गाळ काढायला उतरण्याआधी काय बघायचं, असं विचारल्यावर सातवीतला एक मुलगा पटकन उठला. "कंदील सोडायचा. विझला न्हाई तर उतरायचं." कुणी सांगितलं रे? "आज्यानं. त्यास्नी तुमीच सांगितलं हुतं म्हनं."

खरं आहे ते. १९८६ पासून मी गृहरक्षक दलात. मोटार रिवाइंडिंगचं दुकान असल्यामुळे पालिकेच्या बंबाचा पंप अडला की मलाच बोलावणं यायचं, आणि त्यातूनच वर्दीलाही, म्हणजे मदतीचं बोलावणं आलं की, जाऊ लागलो, ते साठी गाठेपर्यंत. आमच्या माणदेशात वर्दी बहुतेक कडब्याच्या गंजीची. गंजी वरून विझलेली दिसते, आत धुमसत असते. दाताळ्यांनी पेंडी न् पेंडी उलगडल्याशिवाय साडेचार हजार लिटरची टाकी ओतली तरी ती पुन्हा पेटते. त्याखालोखाल विहिरी. दर उन्हाळ्यात मी गावोगाव कंदिलाचं सांगत फिरायचो.

२००३ चा मे. दुष्काळ, विहिरींचे तळ उघडे पडलेले. वर ठेवलेला पंप वीस-बावीस फुटांच्या खालचं पाणी ओढू शकत नाही, हे दुकानात रोज शंभरदा सांगावं लागतं. पाणी त्याखाली गेलं की पंपच खाली न्यावा लागतो. वीज रात्रीची, तीही खात्रीची नाही, म्हणून लोक रॉकेलवर चालणारं इंजिन दोरानं सोडून कपारीवर बसवतात. त्या वस्तीवरही तेच केलं होतं. सकाळी दोन तास इंजिन चाललं. बंद करून धाकटा भाऊ आणि एक गडी गाळ भरायला उतरले. थोड्या वेळानं थोरल्यानं हाक मारली, तर खालून ओ आली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा काठावर पन्नासेक माणसं वाकून बघत होती. काठ ढासळला असता तर तीही आत गेली असती. लोकांना हे का कळत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही. आमच्याकडे विषारी हवेत घालायचा श्वसनाचा सेट नव्हता. म्हणजे होता, पालिकेच्या भांडारात, कुलपात. सिलिंडर रिकामा. भरायचा तर जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावा लागे, आणि त्या कागदावर सही व्हायची राहिली होती. सात महिने राहिली होती.

मी कंदील सोडला. अगदी तळाशी, दोघांच्या मध्ये. ज्योत सरळ, पिवळी, हलतसुद्धा नव्हती. थोरला म्हणाला, "दादा, बघा की, जळतोय. मी उतरतो." मी हो म्हणालो.

एवढं मात्र केलं, की दोर बांधल्याशिवाय सोडलं नाही. चेअर नॉट, एक फास काखेखाली, एक गुडघ्यांखाली, प्रशिक्षणात डोळे बांधून मारायला लावायचे ती. तो खाली गेला, भावाच्या दंडाला हात घातला आणि मान कलंडली. कंदील शेजारी तसाच जळत होता. सहाजणांनी ओढून त्याला वर घेतलं. काठावर पालथा पडून ओकला, आणि शुद्धीवर आला.

मग आतली हवा हलावी म्हणून बंबाचं पाणी फवाऱ्यानं आत मारलं, दोराला लिंबाच्या फांद्या बांधून वरखाली घुसळल्या, शेजारच्या विहिरीवरची गाळ वर ओढायची यारी आणवली. दोघांना वर काढायला तासभर गेला. धाकट्याचे ओठ, गाल लालबुंद होते, उन्हातून खेळून आल्यासारखे. त्याची आई पदरानं चिखल पुसत म्हणत होती, "रंग बगा की, जित्ता हाय." मलाही तेच वाटलं. दवाखान्यापर्यंत मी त्याची छाती दाबत राहिलो. तो लाल रंग विषाचा होता, हे डॉक्टरांनी सांगितलं.

त्यांनीच मला समजावलं. कुजलेल्या गाळाच्या विहिरीत कार्बन डायऑक्साइड साचतो, प्राणवायू कमी पडतो, तिथं कंदील विझतो. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्ताला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून घट्ट धरतो, आणि माणूस पाडायला इतका थोडा पुरतो, की ज्योतीला पत्ताही लागत नाही. रोज इंजिनं खोलणारा माणूस मी. सायलेन्सरचं तोंड विहिरीतच होतं, ते मी पाहिलंही होतं.

आता सांगतो ते एवढंच, की इंजिन आत चाललं असेल तर त्या विहिरीत माणूस उतरायचा नाही. पंप खाली न्यायचाच तर विजेचा न्या. आणि खाली कुणी पडलं तर दुसऱ्याला मिठी मारून धरा, सेट आल्याशिवाय सोडू नका.

शाळेतून निघालो तो त्या मुलाच्या आज्याकडे गेलो. आबा अंगणात वाख वळत बसले होते. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, हातातला पीळ सैल पडू दिला नाही.

"मग तवाच का न्हाई सांगितलंस?"

"तवा मला ठाऊक नव्हतं, आबा."