मे गुस्ता शिकताना मराठीतूनच विचार करा

माझ्याकडे गंगापूर रोडला स्पॅनिश शिकायला येणारी बहुतेक मुलं घरी मराठी बोलतात, पण वहीत सगळं इंग्रजीतून उतरवतात. बाकीचं व्याकरण तसं निभावतं. गाडी अडते ती 'गुस्तार'पाशी, म्हणजे आवडणं. इंग्रजीच्या सवयीने 'मी'ला कर्ता करायचं आणि 'यो गुस्तो' लिहून मोकळं व्हायचं!

मग मी फळ्यावर लिहिते : मला द्राक्षं आवडतात. यातलं 'आवडतात' कुणामुळे आलं? द्राक्षांमुळे. एकच द्राक्ष असतं तर 'आवडतं' झालं असतं, 'मला' मात्र जागचं हललं नसतं. स्पॅनिशमध्ये हुबेहूब हेच : 'मे गुस्तान लास उबास'. मे म्हणजे मला, उबास म्हणजे द्राक्षं, अनेकवचन म्हणून गुस्तान. एकच वस्तू असली की गुस्ता. निफाड-दिंडोरीकडच्या पोरांना हे वाक्य पुन्हा सांगावं लागत नाही.

उलट आपलंच काम अवघड आहे. चहा आवडतो, कॉफी आवडते, दूध आवडतं. स्पॅनिशला तिन्हीकडे 'गुस्ता' पुरतं. क्रिया आवडत असेल तरीही एकवचनच : 'मे गुस्ता लेएर', मला वाचायला आवडतं. वाचायला आणि गायला, दोन्ही आवडत असलं तरी गुस्ता.

एक गोष्ट मात्र घोकावीच लागते. 'माझ्या आईला कॉफी आवडते' हे स्पॅनिशमध्ये 'आ मी माद्रे ले गुस्ता एल काफे' असं होतं. 'आईला' म्हणून झाल्यावर पुन्हा 'तिला', म्हणजे 'ले', लागतोच. तो गाळायचा नाही.

आणि माणसांबाबत जपून. 'मे गुस्तास', तू मला आवडतेस, हे जसं आपण कुणालाही म्हणत नाही तसंच तिकडेही. एखाद्याचा स्वभाव आवडला तर 'मे काए ब्येन' म्हणावं.

हीच घडण दुखण्यालाही चालते, पण तिथे मराठीचा हात सोडावा लागतो. आपण 'माझं डोकं दुखतंय' म्हणतो, ते 'मला डोकं दुखतंय' म्हणतात : 'मे दुएले ला काबेसा'. परवा पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून आलेली एक विद्यार्थिनी खुर्चीत बसता बसता म्हणाली, 'मे दुएलेन लोस पिएस'. 'माझे' नाही, 'मला'; आणि पाय दोन म्हणून दुएलेन. मला फार आनंद झाला.