शाळेचं पत्रक आणि मारबतीचा वाद

मुलगी तिसरीत गेली त्या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीवर माझं नाव आलं. पालकसभेला आधीच माणसं मोजकी, त्यात निम्म्या बायका हव्यात म्हणून मला उभं केलं आणि टाळ्या वाजवून सगळे मोकळे झाले. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात, हे मी घरी येऊन वाचलं. वाचून ठेवलं ते पुढे कामी आलं.

आमची शाळा दक्षिण नागपुरातली, मराठी माध्यमाची, पहिली ते पाचवी. पालकांत ऑटोवाले, भाजीवाले, धुणीभांडी करणाऱ्या बाया, थोडे दुकानदार. काही घरांत मराठीपेक्षा हिंदीच जास्त. विदर्भात शाळा उघडते तीच जूनच्या शेवटी. जुलैमध्ये पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना गेली, ‘पालकांनी पाल्यासोबत रोज वीस मिनिटे वाचन करावे.’ खाली भराभर अंगठे आले, आणि त्यावर दुसऱ्या दिवशीची गुड मॉर्निंगची फुलं. पुढच्या बैठकीत मी विचारलं, तर एका ऑटोवाल्या दादांनी सरळच सांगितलं, “काय वाचू, ताई? घरात एक कालनिर्णय आहे अन् पोट्टीचं गणिताचं पुस्तक.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. वाचा म्हणून सांगायला काही लागत नाही, पण घरात वाचण्यासारखं काही नको का? आणि दिवसभर गाडी चालवून आलेल्या माणसाने ससा-कासव का म्हणून वाचावं? मला वाटलं, माणूस आधी आपल्या गल्लीचं वाचतो. लग्नपत्रिका आली की ‘आपले विनीत’मध्ये आपलं नाव आहे का, तेच आधी बघतो की नाही?

म्हणून पत्रक काढायचं ठरलं. महिन्याला एक कागद, दोन्ही बाजूंनी. टाइप करायचं नाही, दुसरीच्या बाईंनी हाताने लिहायचं, कारण त्यांचं अक्षर मोठं आणि गोल आहे आणि पहिलीच्या पोरांनाही ते लागतं. झेरॉक्सचं दुकान असलेल्या एका पालकांनी कागदाच्या भावात प्रती काढून दिल्या. माझा हट्ट एकच होता, सूचना मागच्या पानावर, खाली. वर फक्त बातम्या, आणि प्रत्येक बातमीत एका मुलाचं आणि त्याच्या घरच्या एका मोठ्या माणसाचं नाव. कोणाच्या घरी शेळीला जुळी पिल्लं झाली, शाळेच्या नळाची तोटी कोणाच्या बाबांनी बसवून दिली, कोणाची मावशी पोलीस भरतीत लागली. मुख्याध्यापिकांना पहिल्यांदा ते जरा पोरकट वाटलं. “शाळेचं पत्रक आहे, त्यात शेळी?” शेळी राहिली, आणि तिच्या मालकाने पत्रक चहाच्या टपरीवर चिकटवलं.

खरी मजा आली पोळ्याच्या वेळच्या अंकात. तान्हा पोळ्याला मुलं लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात आणि त्याच दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. मारबत म्हणजे रोगराई, वाईट गोष्टी घेऊन जावी म्हणून मिरवून जाळतात तो बाईचा पुतळा; सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. मुलांना सांगितलं, आजीला नाहीतर आजोबांना मारबतीचं विचारा आणि लिहून आणा. आलेल्या कागदांतला एक आम्ही जवळजवळ तसाच घेतला. शेवटी बाईंनी चौकटीत दोन वर्षं घातली, काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. झालं! दोन बापांचं वाजलं. एकाचं म्हणणं पिवळीच आधीची, त्याच्या पणज्यापासून घरात असंच सांगतात. दुसऱ्याने पत्रक खिशातून काढून वाचून दाखवलं. मग पहिल्याने ते हातात घेऊन अख्खं वाचलं, खोट काढायला का होईना. शाळेच्या फाटकाशी मुलं उभी, बाप पत्रक वाचून राहिले, असं मी तरी आधी पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एका घरी कामासाठी गेले होते. मुलगा दुसरीतला, चटईवर पालथा पडून पत्रकातली मारबतीची गोष्ट बोट ठेवून वाचत होता. आजी पलीकडे लसूण सोलत बसलेली, तिला अक्षरओळख नाही. ‘इंग्रजांच्या’ या शब्दावर गाडी अडली. “इं... ग्र... जां...” आजी म्हणाली, “इंग्रजायच्या म्हण न बे.” पोरगा म्हणतो, “नाही आजी, तसं नाही लिहिलं इथं.” तिने लसूण बाजूला ठेवला आणि कागदावर वाकून बघितलं, “कुठी?”

यानंतर पुस्तकं मागायला लोक आपणहून यायला लागले आणि तिथे काम अडलं. पुस्तकांचं कपाट होतं, पण कुलूपबंद. मुलांनी नेलेलं पुस्तक फाटलं, हरवलं तर डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, काय दाखवायचं, ही भीती. शिक्षकांना नावं ठेवणं सोपं आहे, पण भरपाई आपल्या खिशातून जाणार असं वाटलं की कोणीही किल्ली लपवेल. मग कायदा पुन्हा उघडला. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं हवीत, असं स्पष्ट आहे. समितीत ठराव मांडला, पुस्तकं घरी द्यायची; फाटलं, हरवलं तर बैठकीत नोंद घ्यायची; मुलाकडून किंवा शिक्षकांकडून पैसे घ्यायचे नाहीत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “ठराव लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, मग मी कुलूप काढते.” बरोबरच होतं त्यांचं. एक-दोन बैठका कोरम नाही म्हणून वाया गेल्या, पण 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, कपाट उघडलं. डॉ. कलामांच्या फोटोला हार घालून कार्यक्रम संपतो दरवर्षी, त्या वर्षी पुस्तकं घरी गेली.

कपाटात निघाली मात्र जाडजूड चरित्रं आणि सामान्यज्ञान. पहिली-दुसरीला उपयोग शून्य. तिथे प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट कामाला आली. मराठी गोष्टी फुकट मिळतात, पातळीप्रमाणे लावलेल्या असतात आणि छापून वाटायची मुभा आहे. मोठ्या मुलांसाठी बालभारतीचा ‘किशोर’. हे मासिक 1971 पासून निघतं आणि जुने अंक नेटवर वाचता येतात. एका आजोबांना त्यांच्या शाळेच्या काळातला अंक मोबाइलवर काढून दिला, तर नातवाला मोबाइल परत मिळेना.

सगळ्या घरांत वाचन होतं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी मालिका असतात आणि त्यांच्याशी कोणी भांडू नये. आमच्याकडे जमलं ते मे महिन्यात. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही, अख्खं घर एका खोलीत कूलरसमोर. वीज गेली की टीव्हीही बंद. सुट्टी लागायच्या आधी प्रत्येक मुलाला गोष्टींचा गठ्ठा दिला होता, त्यातला बराचसा तेव्हा वाचला गेला. काही पुस्तकं कूलरच्या पाण्याने फुगून परत आली. ठरावाप्रमाणे नोंद केली.

आता भांडण वेगळंच आहे. मारबतीची गोष्ट सांगणाऱ्या आजी मला बाजारात गाठून म्हणाल्या, “माही गोष्ट तुम्ही अर्धीच छापली. बडग्यायचं कुठी गेलं?” जागा नव्हती, असं सांगितलं, तर म्हणे, “मग कागद वाढवा.” पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर दुसऱ्या कागदाचा खर्च घातला आहे. झेरॉक्सवाले दादा आतापासूनच नाराज आहेत.