शीट म्हणजे शीड नव्हे

“शीट ओढा!” असा हुकूम आला आणि मी दोन्ही हातांनी शिडाचं कापड धरून ओढलं. शिडाची बोट चालवायला शिकण्याचा पहिलाच दिवस. शिकवणारे गृहस्थ हसले नाहीत. हे दृश्य त्यांनी पुष्कळदा पाहिलं असावं. शीट म्हणजे कापड नव्हे. शीड किती ताणायचं आणि किती सैल सोडायचं, ते ज्या दोराने ठरतं तो दोर म्हणजे शीट. शीड डोलकाठीवर चढवतात तो दोर निराळा, त्याचं नाव हॅलयार्ड. बोट धक्क्याला बांधायचा आणखी निराळा. एवढ्याशा बोटीत दोरांचं जंजाळ, पण ‘दोर’ नावाचा दोर एकही नाही! मला आधी हा नुसता शिष्टपणा वाटला. पण वारा अचानक वाढल्यावर “तो सोड, अरे तो नव्हे, पलीकडचा” असं करत बसलं, तर तेवढ्यात बोट आडवी झालेली असते.

मग डावं-उजवं. हे मला पहिलीपासून येतं अशी माझी समजूत होती. बोटीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. नाळेकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे स्टारबोर्ड आणि डावीकडे पोर्ट. इथवर ठीक. पण मी पाठ फिरवून बसलो तरी स्टारबोर्ड तिथंच! म्हणजे हे डावं-उजवं बोटीचं आहे, माझं नाही. उत्तर युरोपातल्या जुन्या जहाजांना मागे उजव्या अंगाला एक रुंद वल्हं असे, तेच त्यांचं सुकाणू. ती सुकाणूची बाजू, म्हणून स्टारबोर्ड. साहजिकच धक्क्याला डावी बाजू लागायची. तिचं जुनं नाव लारबोर्ड. आता वाऱ्याच्या घोंघाटात स्टारबोर्ड आणि लारबोर्ड ओरडून बघा, म्हणजे घोटाळा कळेल. ब्रिटिश आरमाराने १८४४ साली लारबोर्डला रजा दिली आणि पोर्ट पक्कं केलं. रात्री पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा. समोर दोन्ही एकदम दिसले तर ती बोट थेट आपल्या अंगावर येते आहे, एवढं मात्र मी एका दमात पाठ केलं.

सुकाणू हा शब्द मला तोवर फक्त सुकाणू समितीमुळे ठाऊक होता. अशा एका समितीत मी दोन वर्षं बसलो होतो, चहा प्यायलो होतो. खरं सुकाणू हाती आल्यावर कळलं, की त्याचा दांडा, म्हणजे टिलर, डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. (समितीतही साधारण असंच व्हायचं.) पूर्वी जहाजावरचे हुकूम या दांड्याच्या हिशेबाने देत. १९१२ साली हिमनग दिसल्यावर टायटॅनिकवर हुकूम सुटला तो ‘हार्ड अ स्टारबोर्ड’, आणि जहाज वळलं डावीकडे. चूक कुणाचीच नव्हती, तेव्हाची रीतच ती.

बूम हा शब्द शिकवावा लागत नाही. शिडाच्या खालच्या कडेला धरून असलेला हा आडवा दांडा वारा बाजू बदलताच सपकन फिरतो आणि आपली ओळख स्वतःच करून देतो. डच भाषेत बूम म्हणजे झाड. टेंगूळ चोळताना मला ते पटलं.

या सगळ्यात जीव रमला तो मात्र नांगर टाकताना. नांगर नुसत्या वजनावर बोट धरून ठेवत नाही, तो तळात रुततो. आणि रुतून राहायचा तर त्याच्यावरची ओढ आडवी हवी. दोर उभा ताणला की तो उचकटला जातो. म्हणून खोलीच्या साधारण पाच ते सात पट दोर सोडायचा. या प्रमाणाला इंग्रजीत स्कोप म्हणतात. खोली मोजायची फॅदममध्ये, म्हणजे सहा फुटांत. हे माप आलं दोन्ही हात पसरून धरलेल्या दोराच्या लांबीवरून. आणि या पसरल्या हातांच्या मापाला मराठीत शब्द आहे वाव! एरवीच्या बोलण्यातल्या स्कोपलाही आपण वावच म्हणतो. इतके दिवस पुस्तकात डोकं खुपसून पाठ करत होतो, आणि हा शब्द घरातच बसलेला.

त्या आनंदात मी नाळेवर उभा राहून, दरवेळी हात पूर्ण फाकवून दोर सोडायला लागलो. पाणी दोन वाव खोल, तेव्हा सोडायचे चौदा. नवव्या वावेला मागून आवाज आला, “अहो, मिठी कुणाला मारताय?”

फॅदमचा मुळातला अर्थ कवेत घेणं असाच आहे, हे मी त्यांना वळून सांगितलं. तेवढ्यात आकडा विसरलो.