नऊ मासे वजनाची दोरी

आमच्या मासेमारीच्या रॉडच्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "स्वस्तातली, पण चांगली फ्लाय रॉड कोणती?" आमचा धंदा ह्याच प्रश्नावर उभा राहिला, आणि एकदा ह्याच प्रश्नाला चुकीचं उत्तर दिल्यामुळे बसायलाही आला होता. म्हणून वाटचाल सांगताना ते उत्तरही सांगतो.

मी मूळचा मालवणकडचा. भरीव माणगा बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, आणि गरी म्हणजे गळ, एवढ्या सामानावर आम्ही पोरं खाडीत गरवायला जायचो. शेंगाळा, काळुंद्र, नशीब जोरावर असलं तर तांबोशी. पुढे पुण्यात आलो, भोसरीला फायबरच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यात लागलो आणि काचेचे तंतू, रेझिन ह्या कामात हात बसला. २०१३ मध्ये घराच्या मागच्या खोलीत मासेमारीच्या रॉड दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली. पहिली तीन वर्षं फक्त दुरुस्तीच. विक्री नाही.

मोडलेल्या रॉडनी मला जेवढं शिकवलं तेवढं कोणी शिकवलं नाही. मासा ओढताना मोडलेली रॉड क्वचितच यायची. बहुतेक गाडीच्या दारात सापडलेल्या, घरातल्या पंख्यात गेलेल्या, नाहीतर रॉडच्या तुकड्यांचा जोड नीट न बसवता फेकल्यामुळे जोडापाशी चिरलेल्या. महागडी रॉडही अशीच मोडते आणि स्वस्तही. पहिली रॉड फार महाग घेऊ नका असं मी म्हणतो, त्यामागे हे एक साधं कारण आहे. शिकताना ती मोडण्याचीच शक्यता जास्त.

२०१६ मध्ये पहिल्यांदा फ्लाय रॉड दुरुस्तीला आली. हिमाचलच्या तीर्थन नदीवर ट्राउट हा थंड पाण्यातला मासा धरायला गेलेल्या एका गृहस्थांची होती. टोकाचा भाग गेला होता. तो बसवून दिला, पण ही वस्तू चालते कशी ते मला कळलं नव्हतं, आणि दुरुस्त केलेली गोष्ट आपल्याला चालवता येऊ नये हे मनाला लागलं. पुढच्या एप्रिलमध्ये सुट्टी काढून औटला उतरलो, तिथून बंजार, गुशैणी. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, पावसाळ्यात नदी गढूळ होते. त्यामुळे मार्च ते जून हे दिवस चांगले. ही तपकिरी ट्राउट मूळची आपली नव्हे. इंग्रजांनी आधी काश्मिरात आणि मग १९०९ च्या सुमारास कुलूकडे आणून सोडलेली.

तिथल्या वाटाड्याने पहिल्या दिवशी मला नदीत उतरूच दिलं नाही. काठावरच्या गवतात उभं केलं, रॉडची मूठ माझ्या शर्टाच्या बाहीत खोचली आणि म्हणाला, आता मनगट मोडून दाखवा. मोडता येईना. मागे फेक, थांब, दोरी पूर्ण मागे सरळ झाली की पुढे. तो 'थांब' कळायला मला दीड दिवस लागला.

आपल्या नेहमीच्या गरीत शिसं पुढे जातं आणि दोरीला ओढून नेतं. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गळावर गुंडाळून केलेला किडा. त्याला वजन असं नसतंच. म्हणून इथे दोरी जाड आणि जड असते, रॉड फेकते ती दोरी, आणि किडा तिच्या मागून जातो. रॉडवर छापलेला ५ किंवा ८ हा आकडा, म्हणजे 'वेट', दोरीच्या वजनाचा आहे, माशाच्या नव्हे. हे एवढं समजलं की खरेदीतल्या निम्म्या चुका टळतात.

ही समज मला होती, तरी मी चुकलो. २०१८ मध्ये नोकरी सोडली, कार्बनचे ब्लँक, म्हणजे नुसते नळे, बाहेरून मागवले, आणि कॉर्कची मूठ, दोरी ओवायच्या कड्या, त्या बांधायचा दोरा हे सगळं घरी बसवून पहिल्या वीस रॉड केल्या. नऊ फूट, पाच वेट, चार तुकड्यांच्या. रॉड, रील, दोरी असा पूर्ण सेट कमीत कमी किमतीत द्यायचा होता. रॉडवर हात आखडायचा नव्हता, तेव्हा मी पैसे दोरीत वाचवले. पुडक्यावर पाच वेट छापलेली, सगळ्यात स्वस्त मिळेल ती दोरी घेतली.

दोन महिन्यांत वीसपैकी सात सेट परत आले. मोडलेलं काहीच नव्हतं. लोक म्हणत होते, दोरी जातच नाही, पायाशी पडते, हे आमच्या हातचं काम दिसत नाही. एका शाळेतल्या सरांनी तर रॉड टेबलावर ठेवून मलाच धीर दिला, "तुमचा दोष नाही हो, मलाच जमत नाही." ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

सकाळी दोरीचं वेटोळं घेऊन शेजारच्या सराफकाकांकडे गेलो. पाच वेटच्या दोरीचं माप ठरलेलं आहे. टोकाचा सरळ बारीक भाग सोडून पहिल्या तीस फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम भरायला हवं. तीस फूट मोजून कापली आणि काट्यावर ठेवली. ६.६ ग्रॅम. काकांनी चष्मा वर केला आणि जुन्या हिशोबात सांगितलं, "नऊ मासे पाहिजे होते ना? सातसुद्धा नाहीत." तोळ्याचा बारावा भाग तो मासा, आमच्या आजीच्या तोंडचा शब्द. मी पाच वेटच्या नावाखाली तीन वेटची दोरी विकली होती. इतकी हलकी दोरी त्या रॉडला वाकवूच शकत नव्हती, आणि रॉड वाकल्याशिवाय फेक होत नाही. त्या सरांच्या हातात काहीच कमी नव्हतं.

वीसही जणांना दोरी बदलून दिली, पदरचे पैसे घालून. त्यानंतर आजवर दुकानातून एकही दोरी वजन केल्याशिवाय गेलेली नाही. आता आमचा स्वतःचा काटा आहे. नव्या मालातलं एक वेटोळं कापून तोलतो आणि खोक्यावर पेन्सिलीने ग्रॅम लिहितो.

तेव्हा नवशिक्याने पैसे कुठे घालावेत ह्याचं माझं उत्तर असं. दोरीत घाला. रॉड मध्यम घ्या, आणि रीलमध्ये बिनधास्त वाचवा. आपल्याकडच्या ट्राउटसाठी रील हे मुख्यतः दोरी गुंडाळून ठेवायचं साधन आहे, साधं टकटक वाजणारं रील पुरतं. फार ताठ रॉड घेऊ नका. ताठ रॉडला 'फास्ट' म्हणतात आणि ते ऐकायला चांगलं वाटतं, पण ती वाकली की नाही हे शिकणाऱ्या हाताला कळत नाही. किंचित मऊ रॉड तुम्हाला 'थांब' शिकवते. काचतंतूची रॉड जड आणि संथ असते म्हणून लोक नाक मुरडतात, मात्र मी त्यात काम केलेलं आहे आणि सांगतो, शिकायला ती वाईट नाही. जुनी वापरलेली रॉड मिळत असेल तर जरूर बघा. जोड घट्ट बसतो का, बसवल्यावर हलवून खुटखुट वाजते का ते तपासा, आणि प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तर कडीला चीर आहे, ती तुमची दोरी खाणार.

रॉडचं काम कसं चालतं तेही सांगतो, कारण किंमत तिथे ठरते. कड्या बसवायचं काम माझी पत्नी करते. शिवणकामात तिचा हात आधीपासूनच तयार होता. एका रॉडला दहा-अकरा कड्या. प्रत्येक कडीचा पाय कानशीने इतका पातळ करायचा की दोरा त्याच्यावर चढताना पायरी पडू नये. मग नायलॉनचा बारीक दोरा एकाला एक चिकटून गुंडाळायचा, मध्ये केसाएवढीही फट नाही. शेवटचं टोक दोऱ्याच्याच फासातून आत ओढून घ्यायचं, गाठ मारायचीच नाही. त्यावर इपॉक्सी. ती ओली असताना रॉड स्थिर ठेवली तर ओघळ येतो, म्हणून रॉड सावकाश फिरत राहावी लागते. आमचं फिरवायचं यंत्र जुन्या मायक्रोवेव्हच्या तबकडीच्या मोटारीचं आहे, मिनिटाला पाच-सहा फेरे. जुलैमध्ये हवेतल्या ओलाव्याने इपॉक्सीवर दुधी साय येते, त्यामुळे भर पावसाळ्यात आम्ही हे काम बंद ठेवतो आणि दुरुस्ती करतो. पत्नीच्या हातून दिवसाला दोन रॉड होतात, तिसरी ती करू देत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत कोणी नदीवर जाऊ शकत नव्हतं. लोक गच्चीवर, सोसायटीच्या आवारात गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधून सराव करू लागले, आणि आम्हाला फोनवर शिकवायची सवय लागली. तेव्हापासून प्रत्येक सेटबरोबर एक चिठ्ठी असते: कार्बनमधून वीज वाहते, विजेच्या तारांखाली आणि वादळी ढगांखाली रॉड उभारू नका. सरावाला लोकरच बांधा. गळ कानात रुतलेला मी पाहिला आहे.

हल्ली रविवारी सकाळी मैदानावर फेकून बघितल्याशिवाय पहिली रॉड आम्ही कोणाला देत नाही. धंद्याच्या दृष्टीने हे मंद आहे, पण परत येणारे सेट जवळजवळ थांबले. कुठे जाणार तेही विचारतो. देहूच्या इंद्रायणीत किंवा महाडजवळच्या वाळणकोंडीत महासीर दिसतो, पण ते देवाचे मासे आहेत, तिथे गळ टाकायचा नाही. धरणांच्या जलाशयांवर मच्छीमार सहकारी संस्थांचा हक्क असतो, त्यांना विचारल्याशिवाय बसू नये. परवान्याचे पैसे रॉडच्या खर्चातच धरा.

कोकणातून सारखी विचारणा होते की हीच रॉड खाडीला चालेल का. नाही चालणार. वाऱ्यात, तांबोशी किंवा जिताड्यासाठी आठ वेट लागते, आणि तिथे रीलमध्ये वाचवा हा माझा सल्ला उलटा होतो, कारण मासा जोरात पळतो आणि खारं पाणी रील खातं. परवडेल असा आठ वेटचा सेट दोन वर्षांपासून जुळवतो आहे. रॉड तयार आहे, दोरी काट्यावर बरोबर उतरली आहे, पण दोन रीलं गंजून अडकली. तिसरं सध्या आमच्या मोरीत मिठाच्या पाण्याच्या बादलीत आहे. रोज रात्री बाहेर काढून गोड्या पाण्याने धुतो, फिरवून बघतो आणि सकाळी परत बुडवतो. आज एकोणिसावा दिवस आहे आणि अजून ते मोकळं फिरतंय.