गिटारचा रिव्ह्यू कुणाचा खरा मानायचा? माझा अनुभव

"ही गिटार तुम्ही विकत घेतली की कंपनीने पाठवली?" एवढा एकच प्रश्न मी एका रिव्ह्यूवाल्याला विचारला होता. त्याचं उत्तर मिळवताना जेवढा मनस्ताप झाला, तेवढा पैसे जमवतानाही झाला नाही. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय. कुणाचे तरी पैसे वाचतील.

मी नागपूरचा. बरीच वर्षं अकूस्टिक वाजवल्यावर इलेक्ट्रिक घ्यायचं ठरवलं. मला हवं ते मॉडेल इथल्या दुकानांत लावलेलं नव्हतं. "अ‍ॅडव्हान्स द्या, मागवून देतो" हेच ऐकायला मिळालं. हातात धरून बघायचं तर मुंबई गाठा, आणि तिथेही तोच पीस असेल याची खात्री नाही. म्हणजे यूट्यूबशिवाय इलाज नाही. बजेट, आकार, पिकअप म्हणजे तारांची कंपनं टिपणारे चुंबकी भाग (ब्रिजजवळ, तारा बॉडीवर टेकतात तिथे, दोन गुंडाळ्यांचा हंबकर आणि बाकी दोन एका गुंडाळीचे सिंगल कॉइल) हे सगळं झटपट ठरलं.

अडलं ते रिव्ह्यूंपाशी. भरपूर फॉलोअर असलेला एक हिंदी चॅनल होता. पोरगा वाजवतो झकास. त्याने खोक्यावरची माहिती वाचून दाखवली, दोन सोलो वाजवले, "इस प्राइस में इससे बेहतर कुछ नहीं" म्हणाला आणि लिंक डिस्क्रिप्शनमध्ये आहे असं सांगून मोकळा झाला. त्याच आठवड्यात दुसऱ्या चॅनलवर तीच गिटार, तोच रंग, जवळपास तीच वाक्यं. तिसऱ्यावरही तेच. कंपनीने एकदमच वाटल्या असणार असं वाटत होतं, पण कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतं.

मी पहिल्याला मेसेज केला. वाचल्याची खूण आली, उत्तर नाही. मग ईमेल केला. बरेच दिवस वाट पाहिल्यावर एक ओळ आली: "भाई, हम हमेशा ऑनेस्ट रिव्ह्यू देते हैं." अरे, पण मी प्रामाणिकपणाचं सर्टिफिकेट मागितलंच नव्हतं! विकत की फुकट, एवढंच सांगायचं होतं. पुन्हा नम्रपणे विचारलं, तर ब्लॉक. दुसऱ्या चॅनलच्या माणसाने "कोलॅबचे डिटेल्स कॉन्फिडेन्शियल असतात" असं कळवलं. या उत्तराने तर मी जास्तच भडकलो. पंचवीस-तीस हजार रुपये घालणाऱ्याला वस्तू कुठून आली हेसुद्धा कळू द्यायचं नाही?

तेव्हा नियम शोधून वाचले, तुम्हीही वाचा. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आस्की, हिने इन्फ्लुएन्सरांसाठी केलेले नियम 14 जून 2021 पासून लागू आहेत. त्यांत फक्त पैसे नाही, फुकट आलेली वस्तूसुद्धा मोडते. मिळाली असेल तर ते ठळक दिसलं पाहिजे. डिस्क्रिप्शनच्या तळाशी, हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेलं चालत नाही. जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही अशीच मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हणजे जे "कॉन्फिडेन्शियल" म्हणून मला सांगितलं गेलं, ते उघड करणं त्यांचं कामच होतं. आस्कीकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे पडत नाहीत. व्हिडिओ काढून टाकला जाऊ शकतो, म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्या.

रिव्ह्यूवाल्याचा धंदा असण्याबद्दल माझी तक्रार नाही. बाहेरच्या मोठ्या नावांपैकी बहुतेकांचा आहे. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डचा ली अँडर्टन हा दुकानदारच. व्हिडिओवर दुकानाचं नाव असतं, त्यामुळे तो विकायला बसलाय हे धरूनच आपण बघतो. स्वीडनच्या ओला एंगलुंडची स्वतःची गिटार कंपनी आहे. जेएचएस कंपनीचा जॉश स्कॉट स्वतः पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी पायाने चालवायची यंत्रं, बनवतो आणि दुसऱ्यांच्या पेडलचं कौतुक करतो. 2023 मध्ये त्याने डिजिटेकचं बॅड मंकी हे स्वस्त जुनं पेडल क्लॉन सेंटॉर या प्रचंड महागड्या पेडलशेजारी ठेवून वाजवलं, आणि बॅड मंकीच्या सेकंडहँड किमती बघता बघता भडकल्या. एका व्हिडिओत एवढी ताकद असते. ती हातात असलेल्या माणसाने वस्तू कुठून आली ते सांगितलंच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे.

आवाजाबद्दल माझे डोळे उघडले ते नॅशव्हिलच्या जिम लिलमुळे. त्याने बॉडी नाही, नेक (दांडा) नाही, नुसत्या दोन टोकांना ताणलेल्या तारा आणि खाली पिकअप असं वाजवून दाखवलं, आणि आवाज चांगल्या गिटारच्या इतका जवळ जातो की फरक सांगणं कठीण. त्यानंतर लाकडामुळे येणाऱ्या "वॉर्म टोन"वर (उबदार आवाजावर) पाच मिनिटं बोलणाऱ्यांचे व्हिडिओ मी तिथे सरळ पुढे सरकवायला लागलो. वाजवणारा जेवढा तयारीचा, तेवढा त्याचा डेमो खरेदीला कमी उपयोगाचा, हेही ध्यानात घ्या. त्याच्या हातात काहीही गोड लागतं.

मला शेवटी उपयोगी पडला तो एक छोटा चॅनल. त्याने सुरुवातीलाच बिल दाखवलं. मग कॅमेरा नेकच्या कडेला नेला, फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, टोकांवरून बोट फिरवलं आणि सातव्या फ्रेटपाशी थांबून "इथे टोचतंय" म्हणाला. बाराव्या फ्रेटवर मोजपट्टी धरून तारेची उंची मोजली. जोरात बेंड मारले (तारा बाजूला ओढल्या) आणि लगेच ट्यूनर दाखवला, तर तिसरी, म्हणजे G सुराची तार उतरली होती. काही महिन्यांनी त्याच गिटारचा दुसरा व्हिडिओही टाकला. असा माणूस सापडला की त्याचे जुने व्हिडिओ बघा. त्याने एखाद्या गिटारला कधी "घेऊ नका" म्हटलंय का, हे मी आधी तपासतो.

गिटार आली, छान आहे. पण उन्हाळ्यात विदर्भात हवा किती कोरडी होते हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. फ्रेटबोर्डचं लाकूड आकसलं आणि फ्रेटची टोकं बाहेर डोकावू लागली. सीताबर्डीतल्या कारागिराने बारीक कानशीने ती घासून दिली, तासाभराचं काम. गिटार कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. केसमध्ये ठेवा, आत ओलावा राखणारं पाकीट टाका. कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांना उलटी काळजी, पावसाळ्यात तारा गंजतात.

अजून एक राहिलं. सिंगल कॉइल घरात गुणगुणतंय आणि तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतोय, तर पिकअपला दोष देण्याआधी भिंतीतलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अँप (गिटारचा अँप्लिफायर) अमेरिकेतून कुणी आणणार असेल तर मागे 120 व्होल्ट लिहिलंय की 230, ते बघितल्याशिवाय प्लग लावू नका.

आणि ऑनलाइन मागवणार असाल तर पाठवण्याआधी तुमच्याच पीसचा, सिरियल नंबर दिसेल असा, फ्रेटच्या कडांचा व्हिडिओ मागा. मला दुकानाने विनातक्रार पाठवला. खोकं उघडताना चिकटपट्टी कापण्यापासून ते गिटार बाहेर काढेपर्यंत सलग चित्रण करा, मध्ये कट नको. परत करायची वेळ आली तर दुकानवाले आधी तेच मागतात.